सेशन अप आहे, पण सर्व्हर लागत नाही: दोन व्हीआरएफमधला रूट लीक कुठे अडला ते शोधताना

शाखेतून येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याचा असतो. "लिंक अप दाखवतेय, पण सर्व्हर लागत नाही." ऐरोली-महापे पट्ट्यातल्या नॉकमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात) ज्यांनी रात्रपाळ्या काढल्यात, त्यांना हे वाक्य पाठ असेल. मी सर्व्हिस प्रोव्हायडरच्या पीई राउटरवर (ग्राहकाची लिंक जिथे प्रोव्हायडरच्या नेटवर्कला मिळते तो कडेचा राउटर) हा एकच दोष इतक्या वेळा दुरुस्त केलाय की तपासणीचा क्रम आता हातात बसलाय. व्हीआरएफ म्हणजे एकाच राउटरवर प्रत्येक ग्राहकासाठी ठेवलेलं वेगळं रूटिंग टेबल, आणि एकातले रूट मुद्दाम दुसऱ्यात नेणं म्हणजे रूट लीक. ग्राहकाच्या व्हीआरएफमधले रूट दुसऱ्या व्हीआरएफमध्ये (बहुधा सामायिक सेवांच्या) पोचत नाहीत, किंवा पोचूनही ट्रॅफिक चालत नाही. तो क्रम इथे लिहितोय, कारण नवीन मुलं पहिल्या पाच मिनिटांतच रूट टार्गेट (आरटी, म्हणजे रूट कुठल्या व्हीआरएफमध्ये जाईल ते ठरवणारी खूण) बदलायला घेतात. मग मूळ दोष राहतो तिथेच आणि त्यावर दुसरा बसतो.

लक्षणं

खालीलपैकी काय दिसतंय ते आधी ठरवा. पुढचा अर्धा वेळ त्यावरच वाचतो.

- बीजीपी (राउटरनी एकमेकांना रूट सांगण्याचा प्रोटोकॉल) सेशन एस्टॅब्लिश्ड आहे, पण समोरच्या व्हीआरएफच्या टेबलात प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) नाही.
- दोन्ही व्हीआरएफमध्ये रूट दिसतोय, पिंग मात्र लागत नाही.
- पिंग लागतो, लॉगिनचं पान उघडतं, आणि पासवर्ड टाकल्यावर सगळं गोठतं.
- जुन्या शाखा चालतात, काल जोडलेली एकच चालत नाही.
- काल रात्रीच्या बदलानंतर नवीन काम सुरू झालं, पण आधी चालणारं काहीतरी बंद पडलं.
- एका पीईवरचे सगळेच व्हीआरएफ एकदम मार खातात.

शेवटचं लक्षण असेल तर लीकच्या मागे लागू नका, थेट लेबलच्या भागाकडे जा. एका ग्राहकाच्या आरटीतल्या चुकीमुळे सगळे ग्राहक एकदम पडत नाहीत.

उदाहरणासाठी आकडे ठरवून घेऊ. प्रोव्हायडरचा एएस (बीजीपीतला नेटवर्कचा क्रमांक) ६४५००. ग्राहक एक सहकारी बँक; तिच्या व्हीआरएफचा स्वतःचा आरटी ६४५००:११०. महापेच्या डेटा सेंटरमध्ये सामायिक सेवांचा व्हीआरएफ आहे. तो ६४५००:९०० एक्सपोर्ट करतो आणि ६४५००:९०१ इम्पोर्ट करतो. म्हणजे बँकेच्या व्हीआरएफने ९०० इम्पोर्ट करायचा, आणि ज्या प्रीफिक्सना सर्व्हरपर्यंत जायचंय त्यांवर ११० सोबत ९०१ लावायचा. शाखेचं लॅन १०.२०.५.०/२४, सर्व्हर १०.२००.१.१०.

एक गोष्ट आधीच पक्की करतो, कारण इथला गोंधळ मी अनुभवी लोकांतही पाहिलाय. आरडी (रूट डिस्टिंग्विशर) आणि आरटी एकसारखे लिहिले जातात, पण कामं पूर्ण वेगळी आहेत. आरडी ८ बाइटचा. तो ४ बाइटच्या पत्त्यापुढे लागून १२ बाइटचा व्हीपीएनव्ही४ प्रीफिक्स होतो. दोन ग्राहकांचं एकच १९२.१६८.१.०/२४ एकमेकांत मिसळू नये एवढंच त्याचं काम. रूट कुठल्या व्हीआरएफमध्ये शिरेल ते आरटी ठरवतो, आणि आरटी म्हणजे रूटवर चिकटवलेली एक्स्टेंडेड कम्युनिटी. २००६च्या आरएफसी ४३६४ मध्ये ही मांडणी आहे. आरडी जुळतोय का हे बघत कुणी तासभर बसलं असेल तर तो तास वाया गेला.

फुकटातली तपासणी: पिंग नक्की कुठून मारलात?

सुरुवात तिकिटापासून. सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्हींचे पत्ते लिहून घ्या, नुसतं "सर्व्हर" चालणार नाही. शेवटचं कधी चाललं होतं आणि त्यानंतर कुठला बदल झाला, ते चेंज रजिस्टरमध्ये बघा. याला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि धोका शून्य.

मग स्वतःचा पिंग तपासा. मी हे गंभीरपणे सांगतोय. माझ्याकडे चढवलेल्या तिकिटांपैकी बऱ्याच तिकिटांत नेटवर्क ठीक असतं आणि चाचणी चुकलेली असते. पीईवरून व्हीआरएफचं नाव न देता पिंग मारला तर तो ग्लोबल टेबलातून जातो आणि पडतो. व्हीआरएफ दिला, पण सोर्स दिला नाही, तर पॅकेट पीई-सीई (सीई म्हणजे ग्राहकाकडचा राउटर) लिंकच्या /३० पत्त्यावरून निघतं. ती /३० सामायिक व्हीआरएफमध्ये मुद्दामच लीक केलेली नसते, कारण तिथे फक्त शाखेचं लॅन हवं असतं. पॅकेट सर्व्हरपर्यंत जातं, सर्व्हर उत्तर देतो, आणि त्या उत्तराला परतायला रूटच नसतो. इंजिनिअर लिहितो, "पीईवरून पण पिंग नाही." मग आरआरपासून (रूट रिफ्लेक्टर, पीईंमध्ये रूट वाटणारा राउटर) डेटा सेंटरपर्यंत सगळे जागे होतात.

खरी चाचणी शाखेच्या लॅनमधल्या मशीनवरून किंवा सीईवरून लॅन इंटरफेस सोर्स देऊन करायची. सर्व्हरवरच्या फायरवॉलने आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) बंद ठेवला असेल तर ॲप्लिकेशनच्या पोर्टवर टेलनेट मारून बघा. पोर्ट उघडलं तर तुमचं काम तिथेच संपलं.

रूट मुळात बीजीपीत आहे का?

इथून पुढे एकच पद्धत धरा: एक प्रीफिक्स घ्या आणि उगमापासून शेवटपर्यंत त्याच्यामागे चालत जा. तो ज्या टप्प्यावर दिसेनासा होतो, दोष त्याच टप्प्यावर आहे. मधूनच सुरुवात करू नका.

पहिला टप्पा, शाखेच्या पीईवर बँकेच्या व्हीआरएफचं बीजीपी टेबल. लक्षात घ्या, रूटिंग टेबल नाही, बीजीपी टेबल. आरटी फक्त बीजीपीतल्या रूटवर लागतो. "शो आयपी रूट व्हीआरएफ" मध्ये १०.२०.५.०/२४ स्टॅटिक (हाताने लिहिलेला रूट) म्हणून छान दिसत असतो, पण त्या व्हीआरएफच्या ॲड्रेस-फॅमिलीखाली "रिडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक" (स्टॅटिक रूट बीजीपीत आणणारी ओळ) लिहायचं राहिलेलं असतं. जुन्या शाखा ईबीजीपीवर (पीई आणि ग्राहकाच्या राउटरमधलं बीजीपी) असतात, कालची नवीन शाखा घाईत स्टॅटिकवर चढवलेली असते. "एकच शाखा चालत नाही" या लक्षणाचं माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा निघालेलं कारण हे. दुरुस्ती एका ओळीची, पण रिडिस्ट्रिब्यूटवर रूट-मॅप (कुठले रूट जातील ते ठरवणारी गाळणी) लावल्याशिवाय ती ओळ टाकू नका. नाहीतर चाचणीसाठी कुणीतरी कधीतरी टाकलेले स्टॅटिकही बाहेर पडतात.

ईबीजीपीची शाखा असेल आणि राउटर आयओएस-एक्सआरचा (सिस्कोच्या मोठ्या राउटरची प्रणाली, पुढे नुसतं एक्सआर) असेल, तर समरीमध्ये प्रीफिक्सच्या आकड्याकडे नीट बघा. सेशन अप, आकडा शून्य, आणि शून्यापुढे उद्गारचिन्ह. त्या चिन्हाचा अर्थ असा की शेजाऱ्यावर आत आणि बाहेर यांपैकी किमान एका बाजूची पॉलिसी लावलेली नाही. एक्सआर ईबीजीपीवर पॉलिसीशिवाय एकही रूट घेत नाही आणि देतही नाही. सिस्कोच्याच जुन्या आयओएसवर हात बसलेला माणूस इथे हमखास अडतो. २०१७च्या आरएफसी ८२१२ ने हाच नियम सगळ्यांसाठी सुचवला, आणि माझ्या मते तो योग्य आहे. पॉलिसी लावायची म्हणून "पास" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. त्या ग्राहकाला दिलेल्या प्रीफिक्सची यादी लावा.

मॅक्सिमम-प्रीफिक्सची मर्यादा ओलांडल्यामुळे सेशनच पडलेलं असेल तर समरीत ते सरळ दिसतं. मर्यादा वाढवण्याआधी ग्राहकाने इतके रूट अचानक का पाठवले ते विचारा. तेवढंच पुरे.

एक्सपोर्ट: रूटवर नक्की कुठले आरटी चिकटलेत?

या टप्प्यावर मी कॉन्फिगरेशन वाचत नाही, रूट वाचतो. आपल्या मनात काय होतं ते कॉन्फिगरेशन सांगतं. प्रत्यक्षात काय झालं ते रूटवर दिसतं. त्याच पीईवर व्हीपीएनव्ही४ टेबलात आरडीसकट प्रीफिक्स काढा आणि "एक्स्टेंडेड कम्युनिटी"ची ओळ बघा. आपल्या उदाहरणात तिथे दोन आकडे हवेत: आरटी ६४५००:११० आणि आरटी ६४५००:९०१.

इथे माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. बँकेच्या एका शाखेचं लॅन सामायिक व्हीआरएफमध्ये न्यायचं होतं. मेंटेनन्स विंडो मध्यरात्रीनंतरची. मी एक्सपोर्ट मॅप लिहिला, प्रीफिक्स जुळवला, "सेट एक्स्टकम्युनिटी आरटी ६४५००:९०१" टाकलं. डेटा सेंटरमधून शाखेपर्यंत पिंग लागला, पोर्ट उघडलं, मी तिकीट बंद केलं. सकाळी बँक उघडली आणि त्या शाखेचा मुख्य कार्यालयाशी संपर्क बंद. सर्व्हर चालू, मुख्य कार्यालय बंद. शाखेतले लोक पासबुक छापू शकत नव्हते आणि काउंटरसमोर रांग होती. ती रांग मला फोनवरून ऐकू येत होती.

ओळीच्या शेवटी "ॲडिटिव्ह" हा शब्द राहिला होता. तो नसला की "सेट" आधीचे आरटी पुसतो आणि नवीन लावतो. रूटवर ९०१ उरला, ११० गेला. मुख्य कार्यालयाच्या पीईने तो रूट आपला नाही म्हणून सोडून दिला. राउटरने सांगितलं तेच केलं होतं. चूक चाचणीतही होती: मी फक्त नवीन वाट तपासली, जुनी तपासली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लीक-बदलाच्या चाचणीत दोन ओळी असतात, नवीन काय चालायला हवं आणि जुनं काय चालत राहायला हवं.

म्हणून "बदलानंतर जुनं बंद पडलं" हे लक्षण दिसलं की सगळ्यात आधी ॲडिटिव्ह बघा. एक्सआरच्या रूट-पॉलिसीतही हाच नियम आहे.

याच टप्प्यावरची दुसरी चूक जास्त घातक आहे. एक्सपोर्ट पॉलिसीत प्रीफिक्सची यादी न लावता ९०१ सगळ्याच रूटवर लावला जातो. बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या फायरवॉलकडून ०.०.०.०/० (डिफॉल्ट रूट) येत असतो, तोही ९०१ घेऊन सामायिक व्हीआरएफमध्ये शिरतो. आता सामायिक सर्व्हरला जो पत्ता माहीत नाही, त्याचं सगळं ट्रॅफिक एका ग्राहकाच्या फायरवॉलकडे वळतं. यात इतर ग्राहकांची माहिती तिसऱ्याच्या दारात जाते. असं दिसलं तर बाकीची तपासणी थांबवून आधी तो डिफॉल्ट अडवा आणि वरिष्ठांना कळवा. सामायिक व्हीआरएफच्या इम्पोर्ट पॉलिसीत डिफॉल्ट रूट नाकारणारी ओळ कायमची असावी, असं माझं ठाम मत आहे. एक्सपोर्टच्या बाजूला कुणीतरी कधीतरी चुकणारच.

इम्पोर्ट: समोर पोचला का, आणि घेतला का?

आता सामायिक सेवांच्या पीईवर या. आधी व्हीपीएनव्ही४ टेबलात उगमाचा आरडी देऊन प्रीफिक्स शोधा, मग व्हीआरएफच्या टेबलात. दोन्हीकडे नसेल तर इम्पोर्ट आरटी जुळत नाही, किंवा रूट आरआरपासूनच आलेला नाही. हे दोन्ही वरवर एकसारखं दिसतं, कारण ज्या रूटचा आरटी कुठलाच स्थानिक व्हीआरएफ इम्पोर्ट करत नाही, तो पीई साठवतच नाही. पहिल्याची शक्यता कितीतरी जास्त, म्हणून आधी आकडे एकेक करून जुळवा. ९०१ आणि ९१०, ६४५००:११० आणि ६५४००:११०. रात्री दोन वाजता डोळा अशा आकड्यांवरून घसरतो. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टेबल बघायचं, असं केलं की चूक सापडते.

व्हीपीएनव्ही४ मध्ये आहे पण व्हीआरएफमध्ये नाही, असं असेल तर इम्पोर्ट पॉलिसी किंवा व्हीआरएफची प्रीफिक्स-मर्यादा बघा. व्हीआरएफमध्ये आला असेल तर रूटच्या तपशिलात तो कुठून आला ते लिहिलेलं असतं. आयओएसवर "इम्पोर्टेड पाथ फ्रॉम" आणि मूळ आरडी, एक्सआरवर "सोर्स व्हीआरएफ" आणि "सोर्स रूट डिस्टिंग्विशर". ही ओळ वाचायची सवय लावा. तीच प्रीफिक्स दुसऱ्याच ग्राहकाकडून आल्याचं इथेच उघड होतं.

या टप्प्यावर लोकांना चकवणाऱ्या काही गोष्टी एकत्र सांगतो.

एकदा इम्पोर्ट झालेला रूट त्या व्हीआरएफमधून आपोआप पुन्हा एक्सपोर्ट होत नाही. अ मधून ब मध्ये आणि ब मधून क मध्ये अशी साखळी कुणी आखली असेल तर ती दुसऱ्या कडीवर तुटते, आणि तुटायलाच हवी. नाहीतर सामायिक व्हीआरएफमधून प्रत्येक ग्राहकाला बाकी सगळे ग्राहक दिसले असते. एक्सआरवर "अलाऊ-इम्पोर्टेड-व्हीपीएन" लिहून हा नियम सैल करता येतो. ग्राहक ओरडतोय म्हणून रात्री एकट्याने तो शब्द टाकू नका. अ आणि क यांना बोलायचंच असेल तर त्यांच्यासाठी वेगळा आरटी काढा.

दोन्ही व्हीआरएफ एकाच पीईवर असले तर आयओएस आणि एक्सआर आरटी जुळल्यावर रूट एकमेकांत देतात. जुनॉसवर (ज्युनिपरच्या राउटरवर) नुसतं जुळणं पुरत नाही. स्थानिक व्हीआरएफमध्ये देवाणघेवाण व्हायची तर "ऑटो-एक्सपोर्ट" लिहावं लागतं. दूरच्या पीईवरचे रूट येतात आणि शेजारच्या व्हीआरएफचे येत नाहीत, अशी तक्रार आली की हेच बघायचं.

ग्लोबल टेबलातून व्हीआरएफमध्ये रूट आणले असतील तर आरटीचा संबंधच येत नाही, ते काम पॉलिसीवर चालतं. जुन्या आयओएसवर या इम्पोर्टला मर्यादा लिहिली नाही तर ती १००० प्रीफिक्सची असते. एक्सआरवर असा आणलेला रूट त्याच पीईपुरता राहतो. बाकीच्या पीईंनाही तो हवा असेल तर "ॲडव्हर्टाइज-ॲज-व्हीपीएन" हवं.

रूट आला, पण निवडला गेला नाही

व्हीआरएफच्या टेबलात प्रीफिक्स आहे, पण त्याच्यापुढे बेस्टचं चिन्ह नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: दोन ग्राहकांचं लॅन एकच. आपल्याकडे छोट्या शाखांच्या राउटरवर १९२.१६८.१.०/२४ डब्यातून निघाल्यापासून तसंच चालू असतं. आपापल्या व्हीआरएफमध्ये दोघांचं ठीक चालतं, पण सामायिक व्हीआरएफमध्ये दोघं आले की एकच जिंकतो. पहिला ग्राहक वर्षभर चालतो, दुसरा जोडला की कधी एकाचं बंद, कधी दुसऱ्याचं.

याला बीजीपीत उत्तर नाही. लोकल प्रेफरन्सशी खेळून फक्त कोण हरणार ते बदलतं. एका ग्राहकाच्या पत्त्यांचं नॅट (पत्ते बदलून पुढे देणं) करावं लागतं. सीईवर, प्रोव्हायडरने नेमून दिलेल्या पत्त्यांत. १००.६४.०.०/१० हा पट्टा आरएफसी ६५९८ ने २०१२मध्ये प्रोव्हायडरच्या सामायिक वापरासाठीच राखून ठेवलाय. हे ग्राहकाला समजावून सांगा, लेखी घ्या, आणि दिवसाउजेडी करा.

दुहेरी जोडणीच्या शाखांबद्दल एक. दोन्ही पीईंवर त्या व्हीआरएफचा आरडी एकच ठेवला असेल तर आरआरच्या दृष्टीने तो एकच प्रीफिक्स असतो, आणि तो फक्त आपला बेस्ट पुढे देतो. दुसरी वाट समोरच्या पीईला माहीतच नसते. पहिली पडल्यावर विथड्रॉ येऊन नवीन रूट पोचेपर्यंत शाखा अंधारात. प्रत्येक पीईवर वेगळा आरडी ठेवला (पीईचा लूपबॅक, म्हणजे राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता, आणि एक क्रमांक ही सोयीची पद्धत) की दोन्ही वाटा पोचतात. पण चालत्या व्हीआरएफचा आरडी बदलणं म्हणजे त्याचे सगळे रूट मागे घेऊन पुन्हा जाहीर करणं. ते विंडोतच करायचं.

परतीची वाट

आतापर्यंत शाखेचा रूट सर्व्हरकडे नेला. आता हाच सगळा प्रवास उलट करा: सर्व्हरचा १०.२००.१.०/२४, त्यावर ९००, बँकेच्या व्हीआरएफमध्ये ९०० इम्पोर्ट, आणि तिथून सीईपर्यंत. "दोन्ही व्हीआरएफमध्ये रूट आहे पण पिंग नाही" या लक्षणात पीईपर्यंत सगळं बरोबर असतं आणि शेवटची उडी राहते. पीई ते सीई.

तिथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे एएस-पाथ (रूट ज्या एएसमधून आला त्यांची यादी). ग्राहक सगळ्या शाखांना एकच खासगी एएस देतो, समजा ६५००१. दुसऱ्या टोकाच्या फायरवॉलवरही योगायोगाने ६५००१ असतो. ६४५१२ ते ६५५३४ एवढ्या मोठ्या पट्ट्यातून सगळे पहिला सोपा आकडाच उचलतात. सीईला पाथमध्ये स्वतःचा एएस दिसला की लूप समजून तो रूट गुपचूप टाकून देतो. काही राउटर तर असा रूट पाठवतच नाहीत. पीईवर सगळं हिरवं, सीईवर रूट नाही. इलाज "एएस-ओव्हरराइड", पीईवर त्या शेजाऱ्यासाठी; तो पाथमधल्या ग्राहकाच्या एएसच्या जागी प्रोव्हायडरचा लिहितो. शाखेला दोन जोडण्या असतील तर सोबत साइट-ऑफ-ओरिजिनही (रूट कुठल्या शाखेतून निघाला त्याची खूण) लावा. नाहीतर लूप ओळखण्याची जी खूण आपण पुसली, तिच्या जागी काहीच उरत नाही आणि शाखेचा रूट दुसऱ्या दाराने तिच्याकडेच परत येतो.

लेबल आणि एमटीयू

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर दोष लीकमध्ये नाही, त्याखालच्या एमपीएलएसमध्ये (पॅकेटला लेबल लावून नेणारी यंत्रणा) आहे. बघायला हरकत नाही, बदलायला आहे.

समोरच्या पीईच्या लूपबॅकसाठी लेबल फॉरवर्डिंग टेबल बघा. शेवटून दुसऱ्या राउटरवर "पॉप" दिसणं बरोबर आहे. मधल्या एखाद्या राउटरवर "नो लेबल" किंवा "अनलेबल्ड" दिसलं तर मात्र तिथे वाट तुटली. वरचं लेबल निघून गेलं, खालचं व्हीपीएन लेबल उघडं पडलं, आणि त्या राउटरला ते ओळखीचं नाही. पॅकेट तिथेच संपतं.

दोन कारणं पुन्हा पुन्हा येतात. पहिलं, पीईचा लूपबॅक /२४ ने लिहिलेला. ओएसपीएफ (प्रोव्हायडरच्या आतला रूटिंग प्रोटोकॉल, म्हणजेच आयजीपी) तो /३२ म्हणूनच जाहीर करतो, एलडीपी (लेबल वाटणारा प्रोटोकॉल) मात्र /२४ ला लेबल देतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. दुसरं आपल्या पावसाळ्यातलं. रस्ता खोदताना किंवा खचल्यावर फायबर तुटते, ट्रॅफिक रिंगच्या दुसऱ्या बाजूने वळतं, आणि त्या बाजूच्या एखाद्या इंटरफेसवर एलडीपी कधी चालूच केलेलं नसतं. आयजीपीला ती वाट चांगली वाटते, लेबल मात्र तिथे नाहीत. इंटरनेटचं साधं ट्रॅफिक कदाचित निभावतं, त्या वाटेवरचे सगळे व्हीआरएफ एकदम पडतात. सुरुवातीला शेवटचं लक्षण वेगळं काढलं ते यासाठी. एलडीपी-आयजीपी सिंक्रोनायझेशन (आरएफसी ५४४३, २००९) नेमकं याच्यासाठी आहे. पावसाळ्याआधी ते सगळीकडे लागलंय का हे बॅकबोन टीमला विचारत राहा.

लॉगिनच्या पानानंतर गोठणं म्हणजे जवळपास नेहमी एमटीयू (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार). ग्राहकाचं पॅकेट १५०० बाइट, दोन लेबलांचे प्रत्येकी ४, मिळून १५०८. मधली एक लिंक १५०० वर राहिली तर छोटी पॅकेट जातात, मोठी पडतात. शाखेच्या विंडोज मशीनवरून फ्रॅगमेंट न करण्याचा पर्याय देऊन १४७२ चा पिंग मारा. १४७२ अधिक २० आयपीचे अधिक ८ आयसीएमपीचे, बरोबर १५००. सिस्कोच्या राउटरवरून मारताना मात्र आकार १५०० द्यायचा, कारण तिथे तो पूर्ण पॅकेटचा असतो. १४६४ जातो आणि १४७२ पडतो, असं झालं तर नेमके दोन लेबलांचे ८ बाइट कमी पडतायत.

कुठे थांबायचं

तुम्ही पहिल्या किंवा दुसऱ्या फळीत असाल तर एका व्हीआरएफची पॉलिसी, आरटी आणि रिडिस्ट्रिब्यूशन एवढी तुमची हद्द. तीही विंडोत, "कमिट कन्फर्म्ड" पाच मिनिटांची मुदत देऊन. आपण बाहेर फेकलो गेलो तरी राउटर स्वतः मागे येतो.

रूट उगमाच्या पीईवर योग्य आरटीसकट जाहीर होतोय, आकडे जुळतायत, आणि तरी समोर येत नाही: आता प्रश्न आरआरचा. तिथे हात लावू नका, बॅकबोनच्या वरिष्ठांना फोन करा. इम्पोर्ट आरटी बदलल्यावर पीई स्वतःच रूट रिफ्रेश मागतो, त्यामुळे सेशन क्लिअर करण्याची गरज नसते. आरआरवर एक हार्ड क्लिअर म्हणजे त्याच्या सगळ्या पीईंवरचे सगळे ग्राहक हलतात. एमटीयू आणि एलडीपीही त्यांचंच काम. दोन प्रोव्हायडरमधला ऑप्शन बी (दोघांचे कडेचे राउटर एकमेकांना थेट व्हीपीएनव्ही४ रूट देतात ती जोडणी) असेल तर एएसबीआर (तो कडेचा राउटर) आरटीवरून रूट गाळतोय का हे तेच बघतील. समोरच्या प्रोव्हायडरशी बोलणंही त्यांनीच करायचं. ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये, त्याने पासवर्ड दिला तरी, शिरायचं नाही.

बीजीपी टेबलात रूट बेस्ट आहे, रूटिंग टेबलात आहे, लेबल आहे, पण लाइन कार्डच्या सीईएफमध्ये (पॅकेट पुढे पाठवताना वापरलं जाणारं टेबल) "ड्रॉप" दिसतंय, तर तो सॉफ्टवेअरचा किंवा कार्डचा दोष असू शकतो. वेंडरच्या टॅककडे (तांत्रिक मदत केंद्राकडे) केस उघडा. केस उघडताना काही रीलोड करायचं नाही, पुरावा जातो. आधी हे जमा करा: दोन्ही पीईंवरचं त्या एकाच प्रीफिक्सचं व्हीपीएनव्ही४, व्हीआरएफ, रूटिंग आणि सीईएफचं आउटपुट, लेबल टेबल, राउटरची आवृत्ती, आणि दोष सुरू झाल्याची वेळ सेकंदापर्यंत.

आणि दुरुस्ती झाल्यावर तिकीट रात्रीच बंद करू नका. ते "निरीक्षणात" ठेवा. सकाळी शाखा उघडल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याला फोन करा आणि त्यांच्याच संगणकावरून सर्व्हर आणि मुख्य कार्यालय, दोन्ही उघडून बघायला सांगा.